गणपतीला आलात, आता कापणीला या

गौरीबरोबर गणपती जातात आणि त्यांच्या मागोमाग आमचं गावही जातं. आदल्या रात्री घरात एकवीस पानं उठलेली असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या थांब्यावर बॅगा, नारळाच्या पिशव्या, ओल्या फडक्यात बांधलेली अळूची पानं, कुणाच्या काखेत हातभर काकडी. गाडी वळणाआड गेली की घरात मी, हे आणि माझी जाऊ उरतो. तिघांच्या वयाची बेरीज दोनशेच्या वर जाते. जाताना सगळे सांगून जातात, "आता शिमग्याला." शिमग्याला नाही जमलं तर मे महिन्यात, आंब्याला.

आणि खाली मळ्यात भात नुकतं पोटरीत आलेलं असतं.

मला बोलायचंय ते याच्याचबद्दल. लावणीला तुम्हाला रजा नसते, ते कळतं. गणपतीला येता तेव्हा शेत हिरवंगार असतं, त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढता. मे महिन्यात येता तेव्हा तीच जमीन भाजावळीने काळी पडलेली असते. मधलं पिवळं शेत तुमच्या मुलांनी पाहिलेलंच नाही. माझा नातू अकरा वर्षांचा आहे, डोंबिवलीला असतो. त्याला तांदळाची तीन नावं ठाऊक होती आणि तिन्ही पिशवीवर वाचलेली. भाताची लोंबी हातात दिली तेव्हा म्हणाला, "आजी, हे गवत आहे का?" तसं ते गवतच आहे, पोराचं फार चुकलं नाही. पण तो ज्या घराण्यातला आहे त्याने शंभर वर्षं तरी तेच गवत पिकवून पोट भरलंय.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. 'माझा आवडता ऋतू' हा निबंध दरवर्षी घातला आणि दरवर्षी पावसाळ्याचे चाळीस निबंध तपासले. शरद ऋतूवर एकही आला नाही. याचं कारण मला पुढे उमगलं. त्या दिवसांत वर्गातली निम्मी पोरं शेतातच असायची, सहामाहीच्या पेपरालासुद्धा काही जण हातावर विळ्याचे ओरखडे घेऊन यायची. त्यांना तो ऋतू नव्हता, काम होतं. आणि आता ज्यांना काम नाही त्यांना तो ऋतूही नाही.

म्हणून सरळ सांगते. आश्विनात चार दिवस काढा आणि मुलांना घेऊन गावाला या. नवरात्र ते तुळशीचं लग्न या महिन्या-दीड महिन्यात कधीही. मात्र पाहुणे म्हणून येऊ नका. पाहुणे आले की माझी जाऊ चुलीपाशी अडकते आणि शेतात दोन हात कमीच होतात. हाताखाली लागायला या. या दिवसांतली गंमत नुसती बघून मिळत नाही, कामाच्या आजूबाजूला सांडलेली असते, ती वेचून घ्यायची असते.

दोन वर्षांपूर्वी मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडं कापणीला आली, तेव्हाचं सांगते. दुपारी तीनपर्यंत ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. खालच्या दोन खाचरांतलं हळवं भात कापून तिथेच पसरलेलं होतं. भात कापलं की एखादा दिवस उन्हात पडू द्यावं लागतं, नाहीतर झोडताना दाणा सुटत नाही. नातू पडवीत मोबाईल घेऊन बसला होता. साडेचारला डोंगराकडून काळं चढायला लागलं. जूनचा पाऊस आमच्याकडे समुद्रावरून येतो, परतीचा पाठीमागून, सह्याद्रीकडून येतो. आणि वेळही ठरलेली, दुपार कलली की. हे नुसते ओरडले, "भात!" आणि सगळं घर उठलं.

पुढची वीस मिनिटं कुणी कुणाला काही विचारलं नाही. मुलगा आणि हे भारे बांधत होते, सून डोक्यावरून आणत होती. तिने त्याआधी डोक्यावर कधी हंडासुद्धा घेतला नसेल. मी आणि जाऊ पडवीत रचत होतो. नातू कधी उठला ते मला कळलंच नाही, दिसला तेव्हा दोन्ही हातांनी पेंढ्या छातीशी कवटाळून पळत होता. सात वर्षांची नात त्याच्या मागून गळालेल्या लोंब्या उचलत येत होती. मग गडगडाट जवळ आला आणि मी हाका मारून सगळ्यांना आत घेतलं. चौथाई भात बाहेर राहिलं. ह्यांना ते सोडवत नव्हतं, पण वीज पडते तेव्हा भात मोजत बसायचं नसतं. ते चौथाई पुढे भिजून मोडावलं, म्हशीला घातलं.

पण ती संध्याकाळ! पडवीभर ओल्या पेंढ्याचा वास, लाईट गेलेली, चुलीवर चहा. नातवाच्या हातांना कुसळांची खाज सुटलेली, त्याला खोबरेल लावत होते आणि तो फुशारकीने दाखवत होता, इथेपण लागलंय, इथेपण. रात्री कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा. घरी म्हणे याच्या मागे ताट घेऊन फिरावं लागतं. तीनदा भात मागितला. दुसऱ्या दिवशी मित्राला फोनवर सांगत होता, "आम्ही काल भात वाचवलं." आम्ही! सकाळी तो माझ्या घरी आलेला पाहुणा होता, रात्री घरचा झाला. वीस मिनिटांत.

अशी संध्याकाळ ठरवून आणता येत नाही. पाऊस यावा असंही मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी ती माणसं इथे होती म्हणून ती संध्याकाळ त्यांना मिळाली.

आता हळव्या-गरव्याचं थोडं सांगायला हवं, म्हणजे कधी यायचं ते कळेल. हळवं भात लवकर तयार होतं, साधारण घट बसायच्या सुमारास ते कापणीला येतं. निमगरवं त्याच्यानंतर आणि गरवं दिवाळीच्या आगेमागे. फुलोरा आल्यापासून महिनाभराने लोंबी मान टाकते. दाणा दाताखाली घेऊन बघायचा. पिठूळ चेपला तर थांबायचं, कट्‌ करून तुटला तर विळा काढायचा. मुलांना हे फार आवडतं. दर तासाला एक दाणा चावून येऊन अहवाल देतात. चावू द्या.

कोजागिरीची पौर्णिमा शहरात मसाल्याच्या दुधाची. आमच्याकडे ती नव्याची, नवान्न पौर्णिमा. सकाळी शेतात जाऊन भाताच्या लोंब्या, वरकसातलं नाचणीचं कणीस, वरीची लोंबी आणायची. त्यात आंब्याचं पान, कुर्डूचा गुलाबी तुरा, आणि हे सगळं एकत्र दोऱ्याने बांधायचं. याला आम्ही नवं म्हणतो. मग ते घरभर बांधत सुटायचं. पहिलं देवाला, मग दाराच्या चौकटीला, कणगीला, गोठ्याच्या खुंटाला, विहिरीच्या रहाटाला, नांगराला. नांगर आता माळ्यावर आहे, गेली सहा वर्षं जमीन पॉवर टिलरने नांगरतो, पण त्याला चुकवत नाही. नातवाने आपल्या मनाने एक बापाच्या मोटारीच्या आरशाला बांधलं. नंतर मला विचारायला आला, "आजी, वायफायच्या डब्याला बांधू?" जाऊ म्हणाली, "बांध बाबा, तुझी कणगी तीच." त्या दिवशी नव्या तांदळाचे मूठभर दाणे तरी खिरीत घालायचेच. तांदूळ कोवळा असतो, खीर पातळ होते, चिकटही होते. चवीला जुन्याच तांदळाची बरी लागते, खरं सांगायला काय हरकत आहे. पण नव्याची करायची ती चवीसाठी नव्हे.

रात्री घरातल्या थोरल्या लेकराला ओवाळतात. आमचा थोरला सत्तेचाळीस वर्षांचा आहे, टक्कल पडलंय. पाटावर बसला तेव्हा त्याची मुलगी फिदीफिदी हसत होती. पण ओवाळून झाल्यावर तो उठला नाही, थोडा वेळ तसाच बसून राहिला.

त्याच रात्री मुलांना अंगणात आडवं करा. पौर्णिमेला चांदणं इतकं असतं की तारे विझलेले वाटतात, तेव्हा दोन-चार दिवसांनी केलं तरी चालेल, चंद्र उशिरा उगवायला लागला की. पावसाने धूळ धुतलेली असते, हवा निवळलेली असते. पूर्वेला रात्री नऊच्या सुमारास एक बारीक झुबका वर येतो, तो कृत्तिका. डोळे धड असतील त्याला सहा मोजता येतात. आमच्या महिन्यांची नावं तिथून आली आहेत. पौर्णिमेचा चंद्र अश्विनी नक्षत्राजवळ तो आश्विन, कृत्तिकांजवळ तो कार्तिक. हे मी वर्गात फळ्यावर काढून तीस वर्षं शिकवलं आणि मुलांनी तीस वर्षं पाठ केलं. अंगणात बोट दाखवून सांगितलं तर एका मिनिटात कळतं.

खायचं म्हणाल तर चिबूड. ज्याने खाल्ला नाही त्याला सांगून कळणार नाही. वेलावर पिकला की आपणच फुटतो आणि त्याचा वास घरात शिरतो. आदल्या दिवशी काढला तर बेचव, दुसऱ्या दिवशी मुंग्यांचा. त्याची फोड, वर गुळाचा खडा. बाजारात तो नीट पोचत नाही, म्हणूनच इथे येऊन खायचा. मांडवावर शेवटची पडवळं, दोडकी असतात. एखादी काकडी बियाण्याला ठेवलेली, पिवळी जर्द, तिला हात लावायचा नाही एवढं मुलांना आल्याआल्या सांगा. हुरड्याची चौकशी करू नका. हुरडा घाटावरचा आणि थंडीतला.

आणि सरवा. कापणी झाली की खाचरात ज्या लोंब्या पडून राहतात त्यांना सरवा म्हणतात. तो वेचणाऱ्याचा. आमच्या लहानपणी पोरं टोपली घेऊन सरवा वेचायची, झोडून ते भात दुकानात घालायची आणि त्याच्या पैशांचे फटाके, रिबिनी. आता ते कुणी विकत नाही, पण वेचू द्या. माझ्या नातीने दोन दिवस वेचून शेरभर भात जमवलं. तिच्या हाताने सुपात पाखडून घेतलं, निम्मं अंगणात सांडलं, कोंबड्यांनी खाल्लं. उरलेलं मी गिरणीवर आमच्या भाताबरोबर न घालता उखळात कांडून दिलं. मूठ-दोन मूठ तांदूळ निघाले. ते ती डब्यात घालून डोंबिवलीला घेऊन गेली आणि महिनाभर कुणाला शिजवू देईना. शेवटी किडे लागले. लागायचेच. पण भाताचे तांदूळ किती होतात हे तिला आता कुणी शिकवायला नको.

दिवाळीच्या सुट्टीत येणार असाल तर तेव्हाचं काम वेगळं. पावसाने अंगणाचं पार वाटोळं केलेलं असतं, शेवाळ, गवत, उखडलेली माती. दिवाळीच्या आगेमागे आम्ही खळं करतो. सगळं अंगण खणायचं, ढेकळं फोडायची, माती सारखी ओढायची, पाणी मारायचं आणि ती अर्धी सुकली की लाकडी चोपण्याने चोपत जायचं. धप्प, धप्प, दिवसभर तोच आवाज, प्रत्येक घरून. मग शेणाने सारवायचं. हे काम एकट्या माणसाचं नाही. पंधरा माणसांचं घर होतं तेव्हा अर्ध्या दिवसात उरकायचं, आता आम्ही तिघं आठवडाभर रेंगाळतो. पुष्कळांनी लाद्या घातल्या, सिमेंट केलं. मला त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, गुडघे त्यांचे दुखतात. पण तुमच्यासारखी चार धडधाकट माणसं आली तर आमचं अंगण अजून मातीचं राहील. चोपणं हातात घेतल्यावर पोरांना आवरावं लागतं, एवढी मजा येते. ओल्या खळ्यावर एखादं पाऊल उमटतंच. आमच्या खळ्याच्या कोपऱ्यात त्या वर्षी नातीचा डावा पाय होता, मी तो मुद्दाम सारवला नाही. पावसात गेला.

नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं आणि जिभेला लावायचं. पोरं तोंड इतकं वाकडं करतात की तेवढ्यासाठी तरी या. मग पोहे. दहीपोहे, दूधपोहे, गूळखोबऱ्याचे. पूर्वी भात भिजवून, भाजून, गरमगरम उखळात कांडून पोहे घरी व्हायचे. दोघी जणी समोरासमोर मुसळ घालायच्या, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. मला आणि जावेला अजून तो ताल येतो, दम मात्र पुरत नाही. गिरणीवरचे पोहे बारीक असतात पण चालतात.

किल्ला मुलांना इथेच करू द्या, दगड-मातीला पैसे पडत नाहीत. विषयही तयार आहे. जुलै 2025 मध्ये शिवकाळातले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यातला विजयदुर्ग आमच्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातला. बाजारचा प्लास्टरचा किल्ला आणू नका, एवढंच. आणि एक दुपार सड्यावर जा. राजापूर तालुक्यात कशेळी, बारसू, देवाचे गोठणे या गावांच्या कातळांवर माणसांनी प्राचीन काळी कोरलेली चित्रं आहेत. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की त्याच्या पोटात तुमचं सगळं कुटुंब हातपाय पसरून झोपेल. झोपू नका, कडेने फिरा. पावसाळ्यात तिथे पाणी आणि गवत असतं, ते ओसरलं की रेषा दिसायला लागतात. सड्यावरचं गवत तेव्हा सोनेरी झालेलं असतं आणि कुणी तरी ते गुरांसाठी कापत असतं. त्यांना वाट द्या, त्यांच्या भाऱ्यावर बसून फोटो नको.

आता थोडी रोखठोक बोलते.

आमच्या कोकणात फुरसं आहे. वीतभर-हातभर साप, मातीच्या रंगाचा, दगडात, बांधाच्या भेगेत, कापलेल्या भाताखाली. पायात बूट हवेत. चपला, सँडल नकोत. पेंढी उचलायच्या आधी काठीने हलवायची, रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्यायची. चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं, मांत्रिक, यातलं काही नको. माणसाला चालवू नका, 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकच इंजेक्शन चालतं, साप मारून न्यायची गरज नसते. पायाला जखम असेल तर खाचरातल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोचा ताप याच दिवसांत असतो. आणि गडगडाट कानावर आला की घरात, झाडाखाली नाही. एवढं सांभाळलं की भ्यायचं कारण नाही, आम्ही जन्मभर इथेच आहोत.

दुसरं, पुरुषांनी घरातही हात लावायचा. गावी आलं की मुंबईत स्वतःचा चहा करणारा माणूससुद्धा ओट्यावर बसून कप मागतो, हे मी दर गणपतीला बघते. इथल्या हवेत काही तरी असावं. ज्याने भारा वाहिला त्याने कप विसळला तर पाठ मोडत नाही.

तिसरं, शेतकऱ्याला शरद म्हणजे नुसता आनंद आहे असं मुलांना सांगू नका. भात पिकलं की डुक्कर येतं, वानरं येतात. आमच्या वाडीतल्या कितीतरी जमिनी त्यांच्यामुळे आणि माणसांअभावी पड आहेत. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या शेतांत शिरल्या, काढायला आलेलं सोयाबीन पाण्यात उभ्या उभ्या कुजलं. त्या लोकांना कुठली कोजागिरी. मुलांना तेही कळू द्या. ज्या घरात यंदा नुकसान झालंय तिथे फिरायला म्हणून नाही, मदतीला म्हणून जा, आणि आधी विचारून जा.

हे सगळं मी कोकणाबद्दल बोलले, कारण मला तेवढंच ठाऊक आहे. पण घाटावरच्यांनी ही माझी गोष्ट नाही म्हणून पान उलटू नये. तुमच्याकडे या दिवसांत बाजरीची काढणी असते, भुईमूग उपटून शेंगा तोडायच्या असतात, रब्बीच्या ज्वारीची पेरणी असते. ताज्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या, त्यासाठी तर मी स्वतः घाट चढून येईन. वऱ्हाडात कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादही करतात, खानदेशात आणि वऱ्हाडातही भुलाबाईची गाणी म्हणतात, देशावर भोंडल्याला मुली हत्तीभोवती फेर धरतात आणि खिरापत ओळखायला लावतात. घट बसवताना पत्रावळीवर शेतातली माती घालून धान्य पेरतात, ते नऊ दिवसांत कसं उगवतं ते मुलांना रोज बघायला लावा. पाणी घालायचं काम त्यांच्याकडेच द्या, जास्त घातलं तर कुजेल, कमी घातलं तर वाळेल, कळेल त्यांना. दसऱ्याला आपट्याची फांदी ओरबाडू नका. पुष्कळ जण आपटा म्हणून कांचनाची पानं वाटतात, ती आपट्याहून मोठी असतात. एक पान दिलं तरी सोनंच.

ज्यांना गावच नाही त्यांनी काय करायचं, असं मला माझ्या सुनेच्या मैत्रिणीने विचारलं. शहरात पैसे भरून भातलावणी करायला जातात म्हणे, वर जेवण आणि चिखलातले फोटो. मी त्याला हसले होते, पण आता वाटतं, बरं आहे, निदान पाय तरी मातीला लागतात. त्याहून बरं म्हणजे ज्याला गाव आहे अशा ओळखीच्या माणसाला विचारा. शेजारी असेल, ऑफिसातला असेल. "तुमच्याकडे कापणी कधी? आम्ही येऊ का हाताखाली?" असं कुणी विचारलं तर नाही म्हणणारं घर मी अजून पाहिलं नाही. ती मैत्रीण आमच्याकडे आली. पहिल्या दिवशी विळा उलटा धरला. तिसऱ्या दिवशी जावेशी तिची अशी गट्टी जमली की दोघी बांधावर बसून कुणाच्या तरी सासूबद्दल बोलत होत्या. माझ्याबद्दल नसावं.

रजेचं कारण सांगू नका. गणपतीला आठ दिवस मिळतात, तेव्हा साहेबाच्या घरीही गणपती असतो म्हणून. कापणीला साहेबाच्या घरी काही नसतं, हे खरं. तर शुक्रवारी रात्री निघा आणि रविवारी परत जा. दोन दिवसांत एक खाचर कापून होतं. गाडीला गणपतीसारखी झुंबडही नसते.

सामान फार आणू नका. जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट, बूट, टोपी, बॅटरी, मुलांना एक-एक वही. येताना मिठाईचे डबे नकोत, ह्यांना साखर आहे. आणायचंच असेल तर दिवाळी अंक आणा, दोन वेगवेगळे, म्हणजे कापणी आटोपल्यावर दुपारी पडवीत पडून वाचता येतात. मोबाईलला रेंज आमच्याकडे फक्त आंब्याखाली येते. ती वाईट बातमी की चांगली ते तुमचं तुम्ही ठरवा.

तारीख मला विचारू नका, कॅलेंडरवर कापणी छापलेली नसते. नवरात्राच्या सुरुवातीला एक फोन करा, मी एक दाणा चावून सांगते. आणि निघताना परत एक करा, किती माणसं येताय ते सांगायला. तेवढाच तांदूळ धुवायला बरा पडतो.